गाळणीतला बलक

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. चहाला अंड्याचा वास आला.

हा वास नवा नव्हता. पाच-सहा महिने तो अधूनमधून येत होता. मी बोलून दाखवले की पत्नी म्हणायची, "तुमच्या नाकातच अंडं बसलंय." मीही तसेच मानून चाललो होतो. वय चौऱ्याहत्तर, या वयात नाकावर किती विश्वास ठेवावा याला मर्यादा असते. त्या दिवशी मात्र अर्धा कप बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन दोनदा धुतले.

अंड्याची किळस माझ्यात जन्मजात नाही. आमच्या घरात सर्व काही खाल्ले जाते. ईस्टरला चर्चमधल्या मुलांसाठी अंडी रंगवण्याचे काम माझ्या आईकडे असे आणि तडकलेली आम्हा भावंडांना मिळत. पुढे मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक झालो. छत्तीस वर्षांपैकी निम्मी पारनेर तालुक्यात गेली. सुप्याकडच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये विष्ठेची वाफ डोळ्यांत चुरचुरत असे. तिथून बाहेर येऊन मी शेडच्या दाराशी बसून आम्लेट खाल्लेले आहे. निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना कोंबड्यांच्या साथीत मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवले. पक्षी मारून पुरायचे होते आणि अंडीही. अंडी ट्रे-सकट खड्ड्यात गेली, वर चुना, त्यावर माती. तिसऱ्या दिवशी माती फुगली, तिला भेगा पडल्या आणि भेगांतून पिवळट फेस वर आला. तो फेस हलत होता. मजूर जवळ येईनात, तेव्हा फावडे मी घेतले. त्या दिवसापासून मी अंडे खाल्लेले नाही, आणि कोणी फोडत असेल तर स्वयंपाकघरात थांबत नाही. त्याविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

नात अकरा वर्षांची आहे. मुलगा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतो. तिथली धूळ तिला सोसत नाही, म्हणून ती नगरला आमच्याजवळ राहते. आईवडील रविवारी येतात. तिला जन्मापासून एक आजार आहे. शरीरातला ओलावा धरणारा स्राव घट्ट होतो, फुप्फुसात चिकटतो आणि साचतो. घामातून मीठ फार जाते. ती तान्ही असताना तिच्या कपाळाचा पापा घेतला की ओठ खारट होत. आम्ही हसत असू. निदान व्हायला पाच वर्षे लागली. मी जनावरांच्या रोगांची लक्षणे पाठ असलेला माणूस. हसणाऱ्यांत मीही होतो.

रोज साडेसहाला ती उशीवर पालथी होते. मी तळव्याची वाटी करून तिच्या पाठीवर थापतो: डावी बाजू, उजवी बाजू, फासळ्यांच्या शेवटापर्यंत. साचलेले सुटते, ती खोकते आणि झाकणाच्या डबीत थुंकते. ती डबी मी खिडकीच्या उजेडात धरून पाहतो. त्याची मला किळस नाही. पू, शेण, व्यायलेल्या गाईची वार यांत माझे हात कोपरापर्यंत गेलेले आहेत. त्या दिवशी थुंकी हिरवी होती. डबीला किंचित गोडसर, फळ उतरल्यासारखा वास होता.

"कुठला रंग?" नातीने उशीतूनच विचारले.

"हिरवा."

"पोपटी की शेवाळी?"

"हे साडीचं दुकान नाही."

"म्हणजे शेवाळी," ती म्हणाली. "पोपटी असता तर तुम्ही पोपटी म्हणाला असता."

मी डबीचे झाकण लावले.

आम्हाला ज्याची भीती होती तो एक जिवाणू आहे. त्याचे नाव स्यूडोमोनास. तो मोरीच्या जाळीत, ओल्या फडक्यात, नळाच्या तोंडाशी, कुठेही असतो. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. अशा मुलांच्या फुप्फुसात तो एकदा शिरला आणि आपल्याभोवती बुळबुळीत आवरण करून बसला, की मग सहसा निघत नाही. फुप्फुस वर्षावर्षाने निकामी होत जाते. पुण्यात नातीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हे आम्हाला सरळ शब्दांत सांगितले होते. सरळ सांगितले, म्हणून मला त्या पटल्या.

त्यांनीच गेल्या पावसाळ्यात गुळण्यांचे औषध सुचवले. ते अंड्याच्या बलकातून काढतात हे ऐकून मी खुर्ची थोडी मागे घेतली, परंतु त्यामागचे शास्त्र मला त्यांनी सांगण्याआधीच कळले. कोंबडी पिलाला दूध पाजू शकत नाही. रोगाशी लढण्याचे जे बळ द्यायचे, ते ती पिवळ्या बलकात भरून ठेवते आणि अंडे टाकून मोकळी होते. पिलाच्या पहिल्या लसीचा दिवस आम्ही या बळाचा हिशेब करूनच ठरवत असू. आता कोंबडीला जर हा मेलेला जिवाणू टोचला, तर त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये बलकात उतरतात. ती काढून, पाण्यात मिसळून, गोठवून ठेवायची. मुलाने रात्री दात घासल्यावर दोन मिनिटे गुळण्या करायच्या आणि पाणी गिळायचे. घशाशी आलेल्या जिवाणूला प्रतिद्रव्ये तिथेच धरतात आणि तो खाली उतरत नाही, अशी अपेक्षा.

"अपेक्षा," मी म्हणालो.

"अपेक्षाच," त्या म्हणाल्या. "थोड्या मुलांत चांगलं दिसलं. पुष्कळ मुलांत पाहिलं तेव्हा तेवढं ठळक दिसलं नाही. अपाय मात्र दिसला नाही. खात्री मागत असाल तर माझ्याकडे नाही, काका."

आम्ही सुरू केले. पहिली बाटली नातीने तिथेच परिचारिकेसमोर घेतली आणि तोंड असे केले की मला बाहेर जावे लागले.

त्यानंतरचे माझे काम ठरून गेले. दर महिन्याला मी एसटीने पुण्याला जातो, गोठवलेल्या छोट्या बाटल्यांचा थर्माकोलचा डबा घेतो आणि मांडीवर धरून नगरला येतो. डबा टपावर जात नाही, सीटखाली जात नाही, उन्हाच्या बाजूला येत नाही. आत बर्फाच्या पिशव्या आणि माझा जुना तापमापक असतो. शीतसाखळी हा शब्द मी आयुष्यभर वापरला. लसीची बाटली शर्टाच्या खिशात घेऊन फिरणाऱ्यांना मी दारातून परत पाठवले आहे. हिवाळ्यात कोंबड्यांना सर्दी होईल म्हणून लसीचे पाणी कोमट करून पाजणाऱ्या एका बाईला मी चारचौघांत मूर्ख म्हटले होते. तिच्या कोंबड्या नंतर मेल्या. ही गोष्ट मी घरी अनेकदा सांगितली आहे, दरवेळी सारख्याच समाधानाने.

डबा घरी आणला की मी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवत असे. आत जात नसे. पहिल्या महिन्यात बाहेरूनच सांगितले होते, "रोज एक. रात्री दात घासल्यावर. दोन मिनिटं गुळण्या करून गिळायचं." पत्नीने बरे म्हटले. डब्यात इंग्रजीत एक माहितीपत्रक होते. ते मी वाचले, घडी घातली आणि माझ्या फायलीत लावले.

सव्वाबाराला पुण्याहून फोन आला. आठवड्यापूर्वी थुंकी तपासायला दिली होती.

"काका, रिपोर्ट आलाय. स्यूडोमोनास वाढलाय. पहिल्यांदाच."

मी खिडकीशी उभा होतो. खिडकी बंद केली.

"लवकर सापडलाय," त्या म्हणाल्या. "नेब्युलायझरमधून अँटिबायोटिक सुरू करू, उद्यापासूनच. पहिल्या वेळी बरेचदा निघून जातो."

"बरेचदा."

"नेहमी म्हणणार नाही."

"गुळण्या?"

"चालू ठेवायच्या. तो गेला, तर परत येऊ नये म्हणून. घरी कशा देता? बाटल्या थंड असतात ना?"

"डबा उघडतो तेव्हा बर्फ शाबूत असतो. मी स्वतः पाहतो."

"ते मला माहीत आहे. डबा उघडल्यावर काय होतं, ते विचारतेय. गुळण्यांच्या वेळी तुम्ही असता?"

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "आज समोर उभे राहा."

मुलाला फोन केला. तो कामावरून परस्पर पुण्याला जाऊन औषध घेऊन सकाळपर्यंत पोहोचतो म्हणाला. त्याने आणखी काही विचारले नाही. दुपारी मी फ्रीज उघडला. बर्फाच्या कप्प्यात बाटल्या नीट ओळीने होत्या. खालच्या कप्प्यात एक वितळायला ठेवलेली होती. दाराच्या आतल्या बाजूला अंड्यांची रांग होती. मी दार लावले. फ्रीजमध्ये दोष नव्हता. मला बरे वाटले, हे नमूद केले पाहिजे.

रात्रीचे जेवण आमच्याकडे लवकर होते. जेवणापूर्वीची प्रार्थना त्या दिवशी नातीची होती. तिने अन्नासाठी आभार मानले, वडिलांच्या प्रवासासाठी मागणे केले आणि त्याच स्वरात म्हणाली, "आणि आजोबांना अंडं बघायची शक्ती दे. आमेन." पत्नीही आमेन म्हणाली. मी वरणाचे पातेले पुढे ओढले.

साडेआठला नात दात घासायला गेली. भांड्याचा आवाज ऐकून मी उठलो आणि उंबरा ओलांडून आत गेलो. पत्नी ओट्याशी पाठमोरी होती.

"आज सूर्य कुठून उगवला?" ती म्हणाली.

शेगडीवरचे पातेले नुकतेच उतरवलेले होते. त्यातून वाफ येत होती आणि ती वाफ माझ्या ओळखीची होती. पत्नीच्या एका हातात चहाची गाळणी होती, दुसऱ्या हातात सांडशी. ती पातेल्यातले पाणी गाळणीतून पेल्यात ओतत होती. पेल्यात हळदीचे पिवळे पाणी उतरले. गाळणीत पांढरट पिवळ्या गाठी राहिल्या. काही जाळीतून अर्ध्या खाली उतरून लोंबत होत्या. तिने गाळणी ओट्यावर आपटली आणि गोळा बशीत पडला. तो पडल्यावरही थोडा हलला.

मी ओट्याजवळ गेलो.

"हे काय आहे?"

"तिच्या गुळण्या. दुसरं काय?"

"उकळलंस?"

"मग? कच्चं अंडं द्यायचं पोरीला? अन खोकनाऱ्या लेकराला थंडगार पानी कोन देतं? एक उकळी आनते, मीठ-हळद टाकते. गुळन्या म्हंजे तेच की. लई गाठी होत्यात, घशात अडकतील म्हनून गाळते."

"रोज?"

"पावसाळ्यापास्नं. एक दिवस चुकवला न्हाई." तिच्या आवाजात अभिमान होता. तो असायलाच हवा होता.

"आणि ही बशी?"

"मागच्या दारी ठेवते. मांजराला. कसं गुटगुटीत झालंय, तुमी बघत न्हाई."

अंड्याच्या पांढऱ्याचे आणि बलकाचे उकळल्यावर काय होते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. औषधही तसेच उष्णतेने घट्ट होते, आणि घट्ट झाले की संपते. कोंबडीने पिलासाठी ठेवलेले, कोणीतरी ते माझ्या नातीसाठी काढलेले, मी बर्फात मांडीवर धरून दीडशे मैलांच्या फेऱ्यांतून आणलेले, ते सारे या जाळीत अडकून महिनोन्‌महिने मागच्या दारी जात होते. मांजरालाही त्याचा उपयोग नव्हता. नातीने रोज मीठ-हळदीचे पाणी प्यायले होते. आणि सकाळी त्याच गाळणीतून माझा चहा येत होता.

मी बशी उचलली. ती ऊन होती. असे काही हातात धरण्याची माझ्यावर बऱ्याच वर्षांत वेळ आली नव्हती. बशी तशीच धरून मी तिला सांगितले. मोजकेच सांगितले: औषध उकळले की मरते, गाळणीत राहायचे तेच औषध, दुपारी फोन आला, जिवाणू सापडला.

ती स्टुलावर बसली. बराच वेळ तिने पदराच्या टोकाने सांडशी पुसली.

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

"तसं कोणी म्हणणार नाही. नीट दिलं असतं तरी झालं असतं, असं डॉक्टरही म्हणतील. कोणाला माहीत नाही."

"तुमाला काय वाटतं?"

मी बशी ओट्यावर ठेवली.

"त्या कोंबडीवाल्या बाईला तुमी चारचौघांत मूर्ख म्हनला हुता," ती म्हणाली. "मला म्हना. इथं चौघंबी न्हाईत."

मला म्हणता आले नाही. त्या बाईला लस कशी द्यायची ते मी समोर उभे राहून दाखवले होते. मूर्ख म्हणण्याचा अधिकार त्याने मिळतो असे मी मानत असे. पत्नीला मी उंबऱ्याबाहेरून, नाकाला रुमाल लावून, तीन वाक्ये सांगितली होती. गरम करू नये हे सांगायची गोष्ट आहे असे मला वाटले नव्हते. ते लिहिलेला कागद माझ्या फायलीत होता. रोज रात्री मी बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत असे, दार ओढून, वास येऊ नये म्हणून. एकदा आत पाहिले असते तर पुरले असते. वाफ पाहूनच कळले असते. सकाळपासून ज्या किळसेने माझे तोंड कडू होते, तिच्यामुळेच इतके दिवस मी दार ओढून बसलो होतो.

"चूक कागदाची आहे," मी म्हणालो. "कागद माझ्याकडे होता."

एवढ्यात नात दारात येऊन उभी राहिली होती. तोंडाला फेस होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"हे ते नाही. हॉस्पिटलमधलं घाण लागायचं. मोजे भिजवल्यासारखं. आज्जीचं बरं लागतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही घाण औषध आणलं असतं." तिने चूळ भरून टाकली. "आता आणणार ना?"

"आताच."

मी बर्फाच्या कप्प्यातून एक बाटली काढली आणि नळाच्या साध्या पाण्यात धरून फिरवत राहिलो. बोटे बधिर झाली. बर्फाचा खडा लहान होत गेला. बाटलीत फिकट, गढूळ, दुधाळ पिवळे पाणी झाले. झाकण उघडले तेव्हा वास आला. मी मान वळवली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"मी नाही घेणार," नात म्हणाली. "आधी तुम्ही."

"हे मोजकं असतं. तुझं आहे."

"मग दुसरं घ्या. दारातल्या रांगेतलं अंडं."

"अगं, काहीतरीच काय," पत्नी म्हणाली.

"ते मला रोज सांगणार, घे म्हणून. आणि स्वतः पळणार."

तिचे म्हणणे बिनतोड होते. मी फ्रीजच्या दारातून एक अंडे काढले. कच्चे अंडे हे औषध नव्हे आणि ते कोणी घेऊही नये; त्यातल्या साल्मोनेला जिवाणूवर मी गावोगावी भाषणे दिलेली आहेत. अंडे धुतले, पुसले, ओट्याच्या कडेवर फोडले. हाताला सवय राहिली नव्हती. कवचाचा तुकडा आत पडला, तो बोटाने काढला. बोटाला पांढरे चिकटले आणि तार निघाली. बलक पेल्यात घेतला, गार पाणी घातले, चमच्याने फोडला. तो फुटून पसरला तसा तो खड्डा पुन्हा माझ्यासमोर आला, भेगांसकट.

मी तोंडात घेतले आणि मान मागे टाकली. घड्याळ नातीने धरले होते. पहिल्या अर्ध्या मिनिटात दोनदा उमासा आला. दोन्ही वेळा आवरला. घशाशी तो जाड, कोमटपणाकडे झुकलेला, कशाचीच चव नसलेला पदार्थ गुरगुरत होता. डोळ्यांतून पाणी आले, ते उमाशाचे होते.

"तुम्ही म्हशीसारखा आवाज करताय," नात म्हणाली. "अजून वीस सेकंद. गिळायचं असतं."

गिळले.

"कसं लागलं?"

"घाण."

ती हसली, हसताना खोकला आला, खोकला थांबेपर्यंत मी तिच्या पाठीवर तळवा ठेवला. मग तिने बाटलीतले पेल्यात ओतून घेतले, नाक दाबले आणि मान मागे टाकली. मी घड्याळ धरले. दोन मिनिटे पूर्ण झाल्यावर तिने गिळले आणि जीभ बाहेर काढून आम्हा दोघांना दाखवली. जीभ स्वच्छ होती. पत्नीने सवयीने गरम दुधाचा कप पुढे केला.

"यानंतर काही नाही," मी म्हणालो.

"दूधबी न्हाई?"

"काही नाही. सकाळपर्यंत."

तिने तो कप माझ्यासमोर ठेवला. मी प्यायलो.

नात झोपल्यावर मी फायलीतला कागद काढला आणि त्यातल्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत वहीच्या पानावर लिहिल्या: गरम करू नये, गाळू नये, मीठ-हळद घालू नये, नंतर खाऊ-पिऊ नये. पान फ्रीजच्या दारावर चिकटवले. पत्नीने ते वाचले आणि विचारले, "माझ्यासाठी का तुमच्यासाठी?" मी म्हणालो, उद्यापासून हे काम माझे आहे. ती म्हणाली, "दोघं करू. तुमी मधीच बाहेर पळाल." गाळणी मी वाकवून कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि पिशवीला गाठ मारली. बशी राखेने घासली. ओट्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा एक थेंब वाळून चकाकत होता. तो नखाने खरवडावा लागला.

मग बर्फाचा कप्पा उघडून उद्याची बाटली काढली आणि वितळण्यासाठी खालच्या कप्प्यात उभी ठेवली.